मागचा

पाचोड सुटलं की तो आरशात येतो.
म्हणजे तो नाही. त्याचा बंपर.
माझी गाडी इतकी बुटकी
की आरशात मावते नुसती त्याची जाळी,
जाळीला लोंबणारं सुकलेलं लिंबू
आणि नंबरप्लेटीवर मान मुरगाळून 'दादा' केलेला
४१४१.

गाडी पिवळी. दारं दोन, सीटा दोन.
पुण्याच्या डॉक्टरनं कंबर धरली म्हणून विकली,
मी एक्कावन्नाव्या वर्षी घेतली.
मंदोदरी म्हणाली, ह्यात गव्हाचं पोतं कुठं ठेवणार?
आणि मग पदर सारखा करत,
बसलं की जमिनीवर पाट मांडल्यासारखं वाटतंय.

तेवीस वर्षं मी बोअरची रिग चालवली.
ताशी तीस. चढावर बारा.
तेव्हाही मागे हेच होते,
हॉर्न, डिपर, आईमाई.
वाटायचं, आपण हळू आहोत म्हणून.
आता दोनशे साठपर्यंत आकडे असलेल्या काट्यामागे बसून कळतं,
वेगाचा ह्यात काही संबंध नव्हता.
मागच्याला पुढचा
पुढे आहे म्हणूनच सोसत नाही.

सुरुवातीला मी पळायचो.
पाय नुसता टेकवला की मागचं सगळं लिंबाएवढं व्हायचं.
मग एकदा आडूळजवळ, एकशे चाळीसला,
दुभाजकातल्या कण्हेरीतून एक शेळी आली,
शेळीमागे पोरगी.
शेळी वाचली. पोरगीही.
मी मात्र ढाब्यावर पाऊण तास
चहावर साय धरेस्तोवर बसून राहिलो.

नंतर ब्रेकला पायाचा अंगठा लावून पाहिला :
लाल दिवा, म्हणजे माणसा, जरा सर.
तो चिडून अजून जवळ.
डावीकडे घेतली, खिडकीतून हात काढून
एसटीच्या ड्रायव्हरासारखा हलवला, जा बाबा.
तोही डावीकडे.
त्याला पुढे जायचंच नसतं.
शेजारचा पोरगा मोबाइल धरून असतो,
त्यांना मी पळायला हवा असतो.
आता मी ऐंशीवर ठेवतो, गाणं बंद करतो,
आरसा वर वळवतो.
आभाळ दिसतं त्यात. विजेच्या तारा. कधी पारवे.

परवा दिवेलागणीला असाच एक.
हॉर्न थांबेचना.
शहागडला गोदावरीचा पूल ओलांडून
मी गाडी कडेला घेतली, काच खाली,
तेवीस वर्षांच्या शिव्या ओठांवर रचून.
पिकअप. मागे मंडपाचे खांब, लाल कापडाचे गठ्ठे.
उतरला तो पंचविशीचा, कपाळाला मंडपाचाच चुरा लागलेला,
म्हणाला,
काका, तुमचे मागचे दोन्ही दिवे गेलेत.
पाचोडपासून सांगायलोय. ऐकतंय कोण.

नाव मुंजाजी. गंगाखेडचा.
फ्यूज त्याच्याकडे नव्हता, माझ्याकडे नव्हता.
गाडीखाली वाकून बघत म्हणाला,
हिला स्टेपनी पण नाही का हो?
किंमत विचारली. मी अर्धी सांगितली.
तरी तो शिट्टी वाजवून गप्प झाला.
मग म्हणाला, चला तुम्ही,
बीडपर्यंत मी मागं हाय.

ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं असतं, अंतर ठेवा.
लग्नात मंदोदरीचे वडील हात धरून म्हणाले होते,
पोरीला अंतर देऊ नका.
एकाच शब्दाचं काय काय करावं माणसानं.

गेवराईनंतर अंधार पुरता झाला.
आरसा मी खाली आणला होता.
दोन पिवळट दिवे, एक जरा तिरळा,
हाकेवर, माझ्या चालीनं.
पाडळशिंगीच्या अलीकडे एक ट्रॅव्हल्स मधे घुसली
आणि तिरळा दिसेना.
मी पायाचा जोर काढला.
साठ. पन्नास.
ट्रॅव्हल्सवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला
तो ठेवलाच.

वाजव म्हटलं.